बेड मोजले, सिस्टर मोजल्या नाहीत: आयसीसीयूतल्या नर्सेसची गोष्ट

ज्यांना गर्दीत हेडफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी हे आजच्या एपिसोडचं लेखी रूप. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

सुरुवात एका वेबपेजपासून करू. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. पुणे विभागाचा बेडचा डॅशबोर्ड तुमच्यापैकी कितीतरी जणांनी रात्र रात्र रिफ्रेश केला असेल. त्यावर रकाने होते: साधे बेड, ऑक्सिजनचे बेड, व्हेंटिलेटर नसलेले आयसीयू बेड, व्हेंटिलेटर असलेले आयसीयू बेड. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो, आणि असे डॅशबोर्ड बनवणं हे माझं रोजचं काम आहे. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. डॅशबोर्डवर काय दिसत नाही, ते आधी विचारायचं. त्या पानावर नर्सचा रकाना नव्हता. व्हेंटिलेटर किती ते कळायचं. तो चालवणारं माणूस रात्री तीन वाजता तिथे आहे का, ते कळायचं नाही.

तर आज त्या नसलेल्या रकान्याचा इतिहास. त्यातही एका खास नर्सचा: आयसीसीयूतली, म्हणजे हृदयाच्या अतिदक्षता विभागातली सिस्टर. आणि हे सगळं मी भोर-वेल्ह्याच्या बाजूने सांगणार आहे. एक तर आमचं घर तिकडचं. दुसरं म्हणजे, आयसीयूपासून साठ किलोमीटर लांब राहणाऱ्याला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागू पडते.

१८९७: कायदा आला, नर्स कुठे होती?

पुण्यात प्लेग शिरला तो १८९६ च्या अखेरीला. ४ फेब्रुवारी १८९७ ला ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. पुढचं शाळेत वाचलंय आपण: रँड, सोल्जरांच्या घरझडत्या, २२ जून १८९७ ची रात्र, चापेकर बंधू. तेव्हा भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं, राजगड आणि तोरणा त्याच संस्थानात. म्हणजे आमचे पणजोबा ब्रिटिश पुण्याच्या हद्दीबाहेर राहत होते. पण प्लेगला संस्थानाची हद्द कोण दाखवणार?

या सगळ्या गोंगाटात शुश्रूषा करणारी माणसं इतिहासाच्या पुस्तकात फार दिसत नाहीत. एक नाव मात्र लख्ख दिसतं. सावित्रीबाई फुले. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तिथे रुग्णांची सेवा करू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं सांगतात. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून ओळखतो, ते बरोबरच आहे. पण त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं काम नर्सचं होतं.

तो १८९७ चा कायदा लक्षात ठेवा. पुढे परत लागणार आहे.

'भोर' नावाचा रिपोर्ट

नर्सिंग हे शिकून करायचं काम आहे, हे आपल्याकडे रुजायला वेळ लागला. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यात तरुण विधवा होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, म्हणून लोक नावं ठेवायचे. कार्यक्रमात बक्षीस घ्यायला आलेल्या नर्सची प्रेक्षकांनी टर उडवली, तेव्हा रमाबाईंनी भर सभेत त्यांना सुनावलं होतं.

आता एक मजेशीर योगायोग. भारताच्या सार्वजनिक आरोग्याचा पाया ज्या अहवालात आहे, त्याचं नाव भोर समितीचा अहवाल, साल १९४६. आमच्या भोरशी त्याचा काही संबंध नाही. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात, डेक्कन कॉलेजात. त्यांच्या अहवालातला आकडा ऐका. तेव्हाच्या अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणी झालेल्या नर्स सुमारे ७ हजार. म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. डॉक्टर होते साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास. जगात नर्स डॉक्टरांपेक्षा जास्त असतात, आपल्याकडे उलटा पिरॅमिड होता. वेल्हे तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ५४ हजार आहे. भोर समितीच्या हिशोबाने अख्ख्या तालुक्याच्या वाट्याला सव्वा नर्स!

आयसीयू आला तोही साथीतूनच

आता थोडं लांब जाऊ, डेन्मार्कला. तिथे कशाला, तर आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याचा जन्म एका साथीत तिथे झाला.

१९५२ चा ऑगस्ट. कोपनहेगनच्या ब्लेगडाम हॉस्पिटलमध्ये पोलिओचे रुग्ण धो धो यायला लागले. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ जणांना मशीनवर ठेवलं, त्यातले २७ गेले. मग ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवलं, की गळ्याला छेद देऊन नळी घाला आणि हाताने रबरी पिशवी दाबून श्वास द्या. उपाय लागू पडला. पण पिशवी दाबणार कोण? सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आळीपाळीने बसले, दिवसरात्र, कित्येक आठवडे. सोबत नर्स होत्याच. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आणि लोकांच्या डोक्यात एक गोष्ट बसली: सगळ्यात गंभीर रुग्ण एका खोलीत ठेवा, आणि त्यांच्यावरून चोवीस तास कुणाची तरी नजर हलू देऊ नका.

आयसीयू म्हणजे मुळात ही नजर. मशीन त्या खोलीत मागाहून भरत गेली.

चार मिनिटांचा प्रश्न

हृदयाचं प्रकरण दहा वर्षांनी आलं. हार्ट अटॅक येऊन हॉस्पिटलात पोचलेल्यांपैकी तेव्हा सुमारे तीस टक्के लोक तिथेच दगावायचे. बऱ्याच जणांचं कारण एकच. हृदयाची लय अचानक बिघडते, ते पंप करायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं. विजेचा झटका दिला तर लय परत येऊ शकते. पण हातात वेळ किती? तीन-चार मिनिटं. त्यानंतर मेंदू जातो.

१९६० पर्यंत झटक्याचं मशीन आलं होतं, बंद छातीवर हाताने दाब देण्याची पद्धतही आली होती. १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन या डॉक्टरने लिहिलं, की असे रुग्ण एका ठिकाणी ठेवा, सतत ईसीजीवर नजर ठेवा. १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला असा विभाग सुरू झाला. आणि तिथेच खरी अडचण कळली. मॉनिटर वाजतो, नर्स डॉक्टरला निरोप पाठवते, डॉक्टर जिना उतरून येतो, तोवर चार मिनिटं संपलेली!

फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्त्झर आणि नर्स रोझ पिनेओ यांनी या अडचणीला थेट हात घातला. त्यांनी नर्सेसना ईसीजी वाचायला शिकवलं, आणि डॉक्टरची वाट न बघता झटका द्यायची परवानगी दिली. त्यावेळी हे फार मोठं धाडस होतं. नर्सने नाडी मोजावी, चार्ट भरावा, निदान डॉक्टरने करावं, अशी सरळ वाटणी होती. ती इथे मोडली. १९६५ मध्ये त्यांनी नर्सेससाठी या विषयाचं पाठ्यपुस्तकच काढलं. असे विभाग जिथे नीट चालले, तिथे मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

आमच्या क्षेत्रातल्यांना हे पटकन कळेल. रात्री सर्व्हर पडला तर ऑन-कॉल माणसाच्या फोनवर अलर्ट येतो. पण त्याच्याकडे सर्व्हर रीस्टार्ट करायची परवानगीच नसेल, तर तो अलर्ट नुसता झोपमोड करणारा गजर आहे. मेल्त्झर आणि पिनेओंनी नर्सला ती परवानगी दिली, आणि ती वापरता येईल एवढं शिक्षणही दिलं. आयसीसीयूतली सिस्टर घडली ती या दोन गोष्टींमधून.

पुणे, २०२०

९ मार्च २०२०. महाराष्ट्रातले पहिले दोन कोरोना रुग्ण पुण्यात सापडले, नायडू हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये तोंडाला रुमाल बांधून लोक तपासणीच्या रांगेत उभे होते, तेही इथेच. मार्चअखेर नायडूतल्या एका सिस्टरशी पंतप्रधान फोनवर बोलले, ती क्लिप तुमच्या आईच्या व्हॉट्सॲपवर नक्की आली असेल. गंमत बघा, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे नर्स आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती म्हणून.

मग व्हेंटिलेटर आले, नव्या इमारती घाईने तयार झाल्या, सीओईपीच्या मैदानावर जम्बो हॉस्पिटल उभं राहिलं. प्रश्न आला माणसांचा. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने केरळला पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या. एवढं मोठं, श्रीमंत राज्य शंभर नर्स मागत होतं! कारण व्हेंटिलेटर कारखान्यातून काही आठवड्यांत येतो. नर्सचं जीएनएम तीन वर्षांचं, त्यावर हृदयविभागाचा किंवा क्रिटिकल केअरचा डिप्लोमा वर्षाचा, आणि मग हात बसायला लागणारा वेळ वेगळा.

तेव्हा हॉस्पिटलांनी जे केलं ते जगभर सगळ्यांनी केलं. मॉनिटर वाचता येणारं, व्हेंटिलेटरची सवय असलेलं माणूस कुठे आहे? आयसीसीयूत आणि हार्ट सर्जरीच्या वॉर्डात. त्यांना उचलून कोविड आयसीयूत लावलं.

माझी मावसबहीण त्यातली एक. ती भोर तालुक्यातली, पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीसीयूत होती. तिच्या परवानगीने सांगतो, नाव तिचं आणि हॉस्पिटलचं दोन्ही नको म्हणाली. मी विचारलं, "ताई, फुप्फुसाचा आजार, मग हृदयवाल्यांना का नेलं?" ती हसली. म्हणाली, "फुप्फुसाचा आजार असं तुम्ही म्हणायचा. आमच्या बेडवर तो हृदयाचा, रक्ताचा, किडनीचा, सगळ्याचाच होता."

तिने समजावलं ते असं. कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, म्हणून पोटावर रक्त पातळ करणारं इंजेक्शन, आणि पाळीगणिक पायांवर नजर: एक पाय सुजला का, गार पडला का. काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज यायची. आणि औषधांचा घोळ वेगळाच. ३१ मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचनांमध्ये गंभीर रुग्णांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र देण्याचा पर्याय होता. या दोन्ही औषधांनी ईसीजीवरचं एक अंतर लांबतं, त्याला क्यूटी म्हणतात. ते ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं, की जीवघेणी लय सुरू व्हायचा धोका. "आम्ही ईसीजी काढायचो, पट्टीवरचे बारीक चौकोन मोजायचो आणि डॉक्टरांना सांगायचो, सर, आजचा डोस थांबवायचा का बघा." पुढे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग नाही असं अभ्यासांत दिसलं आणि ते मागे पडलं. पण त्या महिन्यांत ते चौकोन मोजणारं कुणीतरी होतं.

मग पेशंटला पालथं करायचं काम. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला दिवसाचे सोळा सोळा तास पालथं ठेवलं की ऑक्सिजन सुधारतो. पण तोंडात नळी, मानेत लाइन, मनगटात लाइन, लघवीची नळी, आणि माणूस बेशुद्ध. चार-पाच जण लागतात, आणि डोक्यापाशी उभं असलेलं माणूस आकडे म्हणतं: एक, दोन, तीन, वळवा. नळी निसटली तर सगळं संपलं. हे सगळं पीपीई किटमध्ये. चष्म्यावर वाफ, हातात दोन दोन ग्लोव्हज, सहा-आठ तास पाणी नाही. नियम आहे, व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स. ताईकडे दुसऱ्या लाटेत चार-चार असायचे.

"मॉनिटर चार, वाजतात चारही," ती म्हणाली. "आवाजावरून ओळखायला शिकले. कुठला नुसता बोटाचा क्लिप निसटलाय म्हणून बोंबलतोय आणि कुठला खरा आहे. खऱ्याकडे पळायचं."

ही तीच नजर. कोपनहेगनच्या खोलीतली, फिलाडेल्फियाच्या वॉर्डातली.

घाटाच्या अलीकडे

आता आमच्याकडे या. वेल्हे, सरकारी कागदावर आता राजगड तालुका. केळदला, म्हणजे मढे घाटाच्या तोंडाशी, कुणाला छातीत दुखलं तर आधी वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, मग नसरापूरमार्गे हायवे, मग कात्रज, मग पुणे. भोरचंही तसंच. वरंधा घाटाकडची, हिरडोशीकडची गावं आधी भोरला येणार, उपजिल्हा रुग्णालयात, तिथून कापूरहोळ आणि पुढे हायवे. पावसाळ्यात दरड आली तर विचारूच नका.

दुसऱ्या लाटेत आमचे थोरले चुलते, आप्पा, वेल्ह्याहून पुण्याला आणले. ऑक्सिजन ८२. डॅशबोर्डवर एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटरचे दोन बेड रिकामे दिसत होते. चुलतभावाने फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मशीन आहे हो, चालवायला स्टाफ नाही. सिस्टर पॉझिटिव्ह आहेत." आकडा खोटा नव्हता, मशीन खरोखरच रिकामं होतं. आप्पांना मग दुसरीकडे, सहा तासांनी, जागा मिळाली. पाचव्या दिवशी पहाटे त्यांच्या हृदयाची लय बिघडली आणि ड्यूटीवरच्या ब्रदरने ती मॉनिटरवर पकडली. डॉक्टर पीपीई चढवून आत येईपर्यंत त्याने छाती दाबायला सुरुवात केली होती, झटक्याचं मशीन चार्ज करून ठेवलं होतं. आप्पा एकविसाव्या दिवशी घरी आले. शेजारच्या बेडवरचे सासवडचे एक गृहस्थ आले नाहीत. आप्पा अजून त्यांची आठवण काढतात.

आणि जे पुण्याला पोचलेच नाहीत त्यांचं काय? २०२० च्या लॉकडाऊनच्या महिन्यांत देशभरातल्या हॉस्पिटलांमध्ये हार्ट अटॅकचे दाखल रुग्ण आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या पाहणीत दिसलं. अटॅक तर कमी झाले नसणार. लोक घाबरून घरी थांबले, गाडी मिळाली नाही, पोलिसांची भीती. गावात 'ॲसिडिटी झाली होती, रात्रीत गेले' असं ऐकलं असेल तुम्हीही.

टाळ्यांनंतर

तो १८९७ चा कायदा आठवतोय? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच बाहेर काढला. मूळ कायद्यात साथीच्या वेळी हुकूम अंमलात आणणाऱ्या अधिकाऱ्यांना कोर्टकचेरीपासून संरक्षण होतं. शुश्रूषा करणाऱ्यांबद्दल शब्द नव्हता. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनायोद्ध्यांवर दगडफेक आणि घरमालकांनी खोली सोडायला लावणं असे प्रकार झाल्यावर, वटहुकूम काढून त्यात दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरला, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. सावित्रीबाई गेल्या त्या वर्षीच्या कायद्यात नर्सला जागा मिळायला १२३ वर्षं लागली. तीसुद्धा मार खाल्ल्यावर.

मार खाल्ल्यावर संरक्षण मिळणं वेगळं, आणि आधीच पुरेशा संख्येने असणं वेगळं. साथीत भरलेल्या कंत्राटी नर्सेसपैकी कित्येकींना लाट ओसरल्यावर घरी पाठवलं. मॉनिटर वाचायला शिकलेलं, आकडे म्हणत माणूस पालथा करायला शिकलेलं हे मनुष्यबळ आपण दोन वर्षांत तयार केलं, आणि करार संपला म्हणून सोडून दिलं. माझ्या टीममध्ये एखाद्या मॅनेजरने मोठा आउटेज निस्तरलेली माणसं दुसऱ्या महिन्यात काढली असती, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

ताई आता परत आयसीसीयूत आहे. भोरला यायला तयार आहे का, विचारलं. म्हणाली, "कायमची पोस्ट काढा, ईसीजी मशीन आणि झटक्याचं मशीन चालू ठेवा, आणि रात्री निर्णय घ्यायचा अधिकार द्या. उद्या येते."

एवढ्याचसाठी आजचा एपिसोड केला. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती नावाची समिती असते. तुमच्या तालुक्यातही आहे. पुढच्या ग्रामसभेत किंवा त्या समितीकडे तीन प्रश्न विचारा. मंजूर नर्सेसपैकी भरलेल्या पोस्ट किती? रात्रपाळीला ईसीजी वाचता येणारं कोण असतं? आणि झटका द्यायचं मशीन शेवटचं कधी तपासलं? उत्तर मिळालं तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भोर, वेल्हे, मुळशी, पुरंदर, जिथून येतील तिथून. गोळा झालेल्या उत्तरांची एक साधी शीट बनवून सगळ्यांसाठी खुली ठेवतो.

त्यात नर्सचा रकाना पहिला असेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.